सत्य, शपथ, जामीन आणि ओलीस : संधिविचाराचा एक जुना अध्याय व विद्यापीठांतील नवें शास्त्र

दोन राजांनीं तह केला, तर तो पाळला जाईल यास प्रमाण काय? सामान्य व्यवहारांत एकानें वचन मोडलें तर दुसरा न्यायसभेकडे धांव घेतो. राज्याराज्यांच्या व्यवहारांत धांव घ्यावी अशी सभा बहुधा नसते. आणि असली तरी तिचा निवाडा अमलांत आणण्यास तिच्यापाशीं स्वतःचें सैन्य नसतें. असें असूनही तह होत आले आहेत, आणि त्यांतील कित्येक पाळलेही गेले आहेत. ते कोणत्या बळावर पाळले गेले, हा प्रश्न सर्व राजनीतीच्या मुळाशीं आहे.

या प्रश्नाचा विचार करण्याचीं साधनें तीन ठिकाणीं सांपडतात. पहिलें, कौटिलीय अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणाचा सतरावा अध्याय. दुसरें, आपल्या सतराव्या व अठराव्या शतकांतील तहनामे व पत्रव्यवहार. तिसरें, विद्यापीठांत शिकविलें जाणारें आंतरराष्ट्रीय संबंधांचें शास्त्र, व त्याच्या जोडीस आलेली गेम थिअरी, जीस या लेखांत क्रीडासिद्धांत असें म्हणूं. या तिहींचे अभ्यासक तीन निरनिराळ्या पंक्तींस बसतात आणि एकमेकांचीं पानें पाहत नाहींत. संस्कृतज्ञांपैकीं कांहीं ‘हें सर्व आमच्या ग्रंथांत होतेंच’ असें म्हणून थांबतात. नव्या शास्त्राचे विद्यार्थी कौटिल्याचें नांव प्रस्तावनेंत घेऊन पुढें जातात. आणि कागदपत्रांचे संशोधक तारखा व कलमें पक्कीं करण्यांत गुंतलेले असतात. या तिहींस एका प्रश्नापुरतें एकत्र बसवून पाहावें, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. नव्या शास्त्राची उत्पत्ति

आंतरराष्ट्रीय राजकारण हा स्वतंत्र विषय विद्यापीठांत येऊन फार काळ लोटलेला नाहीं. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं वेल्समधील अॅबरिस्टविथ येथें या विषयाचें पहिलें अध्यासन स्थापन झालें. डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या भगिनींनीं युद्धांत पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यास देणगी दिली, अध्यक्ष विल्सन यांचें नांव त्यास दिलें, आणि आल्फ्रेड झिमर्न हे त्याचे पहिले अध्यापक झाले. कायदा, लोकमत व राष्ट्रसंघ यांच्या योगें युद्धें थांबवितां येतील, अशी त्या वेळची आशा होती. त्याच अध्यासनावर १९३६ सालीं ई. एच. कार आले, आणि १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्या आशेचीच चिकित्सा केली. पुढें १९४८ सालीं मॉर्गेन्थौ यांनीं आणि १९७९ सालीं वॉल्ट्झ यांनीं वास्तववादाची मांडणी केली. वॉल्ट्झ यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं राजे चांगले कीं वाईट हा प्रश्न गौण आहे. राष्ट्रांवर सत्ता चालविणारा कोणी नाहीं, या एका गोष्टीनेंच त्यांचें पुष्कळसें वर्तन ठरतें. हीच अवस्था आपले शास्त्रकार ‘अराजक’ व ‘मात्स्यन्याय’ या शब्दांनीं सांगत आले आहेत. भेद इतकाच, कीं त्यांनीं ती राजाविना प्रजेची म्हणून सांगितली, आणि नव्यांनीं ती राजांच्या समूहाची म्हणून सांगितली.

अर्थशास्त्र जगापुढें आलें तेंही याच सुमारास. म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांतील पोथीवरून शामशास्त्री यांनीं तें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. अॅबरिस्टविथचें अध्यासन ज्या वर्षीं निघालें त्याच १९१९ सालीं बिनयकुमार सरकार यांनीं अमेरिकन राज्यशास्त्राच्या मुख्य नियतकालिकांत हिंदूंच्या आंतरराष्ट्रीय सिद्धांतावर निबंध लिहून मंडलाची कल्पना पाश्चात्य अभ्यासकांपुढें ठेविली. पुढें मुंबई विद्यापीठानें प्रा. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति १९६० पासून तीन भागांत काढली, आणि या ग्रंथाच्या अभ्यासास भक्कम पाया मिळाला.

क्रीडासिद्धांताचा उगम गणितांत आहे. जॉन फॉन नॉयमन यांनीं १९२८ सालीं बैठ्या खेळांच्या उपपत्तीवर जर्मन भाषेंत निबंध लिहिला. १९४४ सालीं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेला त्यांचा मोठा ग्रंथ प्रिन्स्टन येथून निघाला. १९५० सालीं जॉन नॅश यांनीं समतोलाची व्याख्या दिली : प्रत्येक खेळाडूची चाल इतरांच्या चालींस उत्तर म्हणून उत्तम असेल, आणि एकट्यानें चाल बदलून कोणाचाच लाभ होत नसेल, तर ती स्थिति समतोलाची. खेळ म्हटला तरी यांत करमणूक नाहीं. माझें हित केवळ माझ्या कृतीवर अवलंबून नाहीं, दुसऱ्याच्या कृतीवरही आहे, आणि त्याचेंही तसेंच आहे, अशा प्रत्येक प्रसंगास हें शास्त्र लागू पडतें. बुद्धिबळाच्या पटावर बसलेल्यास हें निराळें सांगावयास नको.

२. दोन कैद्यांचें कोडें

या शास्त्रांतील एक उदाहरण विद्यापीठांत आरंभींच शिकवितात. दोन साथीदार पकडले जातात व निरनिराळ्या कोठड्यांत ठेवले जातात. दोघेही गप्प राहिले तर प्रत्येकास एक वर्ष शिक्षा. एकानें कबुली देऊन दुसऱ्यास गुंतविलें तर तो सुटतो व दुसऱ्यास दहा वर्षें. दोघांनींही कबुली दिली तर प्रत्येकीं पांच वर्षें. दुसरा गप्प राहील असें धरलें, तरी कबुली देण्यांत लाभ; दुसरा बोलेल असें धरलें, तरी कबुली देण्यांतच लाभ. म्हणून दोघेही बोलतात, आणि गप्प राहिले असते तर एकेका वर्षावर भागलें असतें तेथें पांच पांच वर्षें भोगतात. १९५० सालीं अमेरिकेंतील रँड या संस्थेंत फ्लड व ड्रेशर यांनीं हा खेळ योजिला, आणि अल्बर्ट टकर यांनीं त्याच वर्षीं एका व्याख्यानासाठीं त्यास कैद्यांच्या गोष्टीचें रूप दिलें.

कैद्यांच्या जागीं दोन राज्यें, आणि गप्प राहण्याच्या जागीं तह पाळणें घातलें, म्हणजे प्रस्तुत प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. दोघांनींही तह पाळण्यांत दोघांचें हित आहे. तरी प्रत्येकास मोडण्याचा मोह आहे, आणि दुसरा मोडील ही धास्तीही आहे. यांत कोणी दुष्ट असावा लागत नाहीं, हीच या कोड्याची मेख होय. प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी सध्यां विद्यापीठांत हा विषय शिकतो. त्यानें हा चार घरांचा तक्ता कागदावर काढून दाखविला आणि विचारलें, ‘गुरुजी, याला कौटिल्याचें उत्तर काय?’ प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर सातव्या अधिकरणांत शोधावें लागतें.

३. आचार्य आणि कौटिल्य यांचा वाद

षाड्गुण्याचें विवेचन अर्थशास्त्रांत सातव्या अधिकरणांत आहे. संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव हे सहा गुण, आणि त्यांत संधि पहिला. समबल राजाशीं लढणें म्हणजे कच्च्या मडक्यानें कच्च्या मडक्यावर आदळणें, दोन्ही फुटावयाचीं, असा दाखला त्याच अधिकरणांत आहे. लढाईत उभयतांचें नुकसान असतें हें कौटिल्यास पूर्ण ठाऊक होतें. म्हणूनच संधि कसा टिकेल याची त्यास काळजी होती.

सतराव्या अध्यायाच्या आरंभीं शम, संधि व समाधि हे शब्द एकार्थक ठरवून, राजांमध्यें परस्परांविषयीं विश्वास उत्पन्न होणें हाच संधीचा अर्थ म्हणून सांगितला आहे. हा विश्वास चार साधनांनीं बांधला जातो : सत्य, म्हणजे नुसतें वचन, शपथ, प्रतिभू, म्हणजे जामीन, आणि प्रतिग्रह, म्हणजे ओलीस. पूर्वाचार्यांचें मत असें, कीं वचन व शपथ यांवरील संधि चंचल, आणि जामीन किंवा ओलीस यांवरील संधि स्थिर. व्यवहारी मनुष्यास हें मत सहज पटतें; चार घरांच्या तक्त्यासही तें पटतें.

कौटिल्य तें मत नाकारतो. त्याचा अभिप्राय असा, कीं सत्य व शपथ यांवरील संधि इहलोकीं व परलोकीं दोन्हीकडे स्थिर. जामीन व ओलीस यांवरील संधि केवळ इहलोकापुरता, आणि तोही बळाच्या अपेक्षेनें चालणारा. ज्या ग्रंथकारास कपटनीतीचा आचार्य म्हणून जग ओळखतें, त्यानें येथें आपल्या आचार्यांच्या विरुद्ध सत्याची बाजू घेतली आहे. याचें काय करावयाचें? ही धर्मशास्त्राची दाक्षिण्यानें केलेली भलामण आहे, असें म्हणून सोडून देतां येत नाहीं. कारण लगेच पुढें तो जें सांगतो, त्यांत दाक्षिण्याचा लवलेशही नाहीं.

शत्रूस आवरण्यास जे समर्थ असतील असे जामीन घेणारा राजा वरचढ ठरतो. तसे न घेणारा फसतो. ओलीस देतांना आपल्याच दरबारांतील घातकी अमात्य किंवा घातकी पुत्र देणारा फायद्यांत राहतो. कारण ओलीस हातीं आला म्हणून निर्धास्त झालेल्या राजाचें छिद्र सांपडतांच दुसरा, दिलेल्या माणसाची फिकीर न करतां, प्रहार करतो. पुत्र द्यावा कीं कन्या, शहाणा द्यावा कीं शूर, याची तोलून चर्चा आहे. आणि शेवटीं, आपलें बळ वाढतांच ओलीस ठेविलेल्या राजपुत्राची सुटका करावी, असें सांगून कारागिरांचे वेष, भुयार, नट व गायक, स्वयंपाकाचीं भांडीं, प्रेतयात्रा अशा अनेक युक्ति दिल्या आहेत. या भागास समाधिमोक्ष असें नांव आहे.

आतां पूर्वापर संगति लागते. ओलीस स्थिर असता, तर त्याच्या सुटकेच्या युक्ति सांगण्याचें प्रयोजन काय होतें? ओलीस हें बळाचें मोजमाप आहे. बळ पालटलें कीं तो सुटतो, किंवा त्याची किंमत उरत नाहीं. आचार्यांनीं ज्यास स्थिर म्हटलें, तेंच चंचल आहे, हें दाखविण्यासाठींच जणूं अध्यायाचा उत्तरार्ध आहे.

४. आपल्या इतिहासाची साक्ष

हें मत आपल्या कागदपत्रांवर घासून पाहूं.

पुरंदरच्या तहांत १६६५ सालीं शिवाजी महाराजांनीं तेवीस किल्ले सोडले, बारा राखले, आणि आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणींत गेले. तह पुरा होईपर्यंतची ती हमी होती. पुढें १६६६ सालीं आग्र्याहून सुटका झाली, राजपुत्र सुखरूप घरीं आले, आणि १६७० सालीं सिंहगड व पुरंदर पुन्हा स्वराज्यांत आले. बळ वाढलें, हमी उरली नाहीं, तह संपला. कौटिल्याच्या क्रमास हें धरूनच आहे.

वडगांवचें उदाहरण याहून बोलकें आहे. जानेवारी १७७९ मध्यें मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांस घेऊन तळेगांवापर्यंत आली, मागें फिरली, आणि वडगांवीं कोंडली गेली. इंग्रजांनीं करार लिहून दिला : साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करावा, बंगालकडून येणारी फौज मागें फिरवावी, राघोबांस सोडून द्यावें. हमी म्हणून फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोन इंग्रज महादजी शिंद्यांकडे ओलीस राहिले. हा स्टुअर्ट निराळा; ‘इष्टुर फांकडा’ म्हणून प्रसिद्ध असलेला कॅप्टन स्टुअर्ट त्यापूर्वींच कार्ल्यानजीक पडला होता.

फौज घाट उतरून सुखरूप परत जातांच मुंबईकरांनीं करार नाकारला. सही करणारांस तसा अधिकार नव्हता, असें त्यांचें म्हणणें. फेब्रुवारीच्या अखेरीस गॉडर्डची बंगाली फौज सुरतेस पोंचली आणि बळाचें पारडें फिरलें. दोन ओलिसांच्या जिवाची धास्ती कंपनीच्या मसलतीस आडवी आली नाहीं. महादजींनींही त्यांस इजा केली नाहीं. १७८० सालीं त्यांस सोडून देऊन गॉडर्डशीं बोलणें लाविलें. ओलीस देणारा निरपेक्ष होऊन प्रहार करतो, या अभिप्रायास याहून नेमकी साक्ष मिळणें कठीण.

याच्या उलट सालबाईचा तह. १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरीनजीक सालबाई येथें कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन व पेशव्यांतर्फे महादजी यांनीं तो ठरविला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली, आणि राघोबांस नेमणूक ठरली. या तहांत ओलीस नव्हते, जामीन होता. दोन्ही पक्षांच्या विनंतीवरून महादजी उभयतांचे जामीन झाले. जो पक्ष तह मोडील त्याच्याविरुद्ध दुसऱ्यास मिळून त्यास ठिकाणावर आणावें, असें कलम पडलें. शत्रूस आवरण्यास समर्थ असा प्रतिभू घ्यावा, या नियमाचें हें उत्तम उदाहरण होय. नाना फडणिसांनीं हैदर जिवंत असेपर्यंत मान्यतेस विलंब लाविला. डिसेंबर १७८२ मध्यें हैदर वारला, आणि फेब्रुवारी १७८३ मध्यें करारनाम्यांची देवघेव झाली. नाना कोणत्या चालीची वाट पाहत होते, हें क्रीडासिद्धांताच्या विद्यार्थ्यानें अवश्य तपासावें.

हा तह वीस वर्षें टिकला. आणि येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. जामीन महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस वारले. तरी इंग्रज व मराठे यांचें युद्ध पुन्हा उभें राहिलें तें १८०३ सालीं. म्हणजे जामीन गेल्यावरही नऊ वर्षें तह चालला. तेव्हां तो केवळ जामिनाच्या जोरावर उभा नव्हता. उभय पक्षांस रोज एकमेकांशीं काम पडत होतें, आणि आजच्या वागण्याचा हिशेब उद्यां द्यावा लागणार होता.

खर्ड्यानंतरचें उदाहरण ओलीस ठेवून घेणारासही सावध करणारें आहे. मार्च १७९५ मध्यें निजामाचा पराभव झाला. मुलूख व मोठी रक्कम कबूल करून त्यानें आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन केला. ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले आणि पुण्यांत गादीचा घोळ सुरू झाला. ज्यास हमी म्हणून आणून ठेविलें, तोच या घोळांत सर्व पक्षांस हवासा झाला. १७९६ च्या महाडच्या करारानें नानांनीं निजामाच्या साहाय्याच्या मोबदल्यांत खर्ड्याची मिळकत सोडण्याचें कबूल केलें, आणि दिवाण मोकळा झाला. पटावरचें मोहरें म्हणून आणलेला मनुष्य खेळाडू होऊन बसला.

५. नगरें ओलीस

हा विचार जुन्या काळापुरता आहे असें कोणी समजूं नये. टॉमस शेलिंग यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या संघर्षनीतीवरील ग्रंथांत ओलीस देण्याच्या प्राचीन चालीचा मुद्दाम विचार केला आहे. अण्वस्त्रांनीं दोन महाशक्तींमध्यें जो भयाचा तोल उत्पन्न केला, तो म्हणजे ओलिसांच्या देवघेवीचेंच प्रचंड रूप आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. राजपुत्र शत्रूच्या छावणींत पाठवावा लागत नाहीं. प्रत्येकाचीं नगरें आपापल्या जागींच दुसऱ्याच्या मुठींत असतात. या कार्याबद्दल शेलिंग यांस २००५ सालीं ऑमन यांच्यासह अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें मान्य केलें म्हणजे १९७२ च्या एका विलक्षण तहाचा अर्थ उलगडतो. क्षेपणास्त्रांपासून बचाव करणाऱ्या यंत्रणेवर अमेरिका व सोव्हिएट संघ यांनीं त्या तहानें मर्यादा घातली. आपल्याच प्रजेचा बचाव न करण्याचें दोन राष्ट्रांनीं लिहून द्यावें, हें वरकरणी वेडेपणाचें वाटतें. पण नगरें हे ओलीस असतील, तर त्यांभोंवतीं कोट घालणें म्हणजे ओलीस परत नेणें होय, आणि मग संधीचा आधार सुटतो. १९८३ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं बचावाच्या नव्या यंत्रणेचा संकल्प जाहीर केला, आणि २००२ सालीं अमेरिका त्या तहांतून बाहेर पडली. कौटिल्याचा वाचक यास समाधिमोक्ष म्हणेल. बळ वाढलें असें वाटलें, कीं ओलीस सोडवून नेण्याची बुद्धि होते. तंत्र बदललें, बुद्धि बदलली नाहीं.

परंतु याच काळांत सत्यसंधीचेंही उदाहरण आहे. ऑक्टोबर १९६२ मध्यें क्यूबाच्या प्रकरणीं जग युद्धाच्या कड्यावर आलें. रशियानें क्यूबांतील क्षेपणास्त्रें काढावीं व अमेरिकेनें क्यूबावर स्वारी न करण्याचें अभिवचन द्यावें, हा तोडगा उघड होता. तुर्कस्तानांतील आपलीं क्षेपणास्त्रेंही अमेरिका काढील, हें वचन मात्र रॉबर्ट केनेडी यांनीं रशियन वकील डोब्रिनिन यांस तोंडीं दिलें, आणि तें कागदावर घेण्यास नकार दिला. लेख नाहीं, जामीन नाहीं, त्या वचनापुरता निराळा ओलीस नाहीं. तरी १९६३ च्या एप्रिलपर्यंत तीं क्षेपणास्त्रें तुर्कस्तानांतून गेलीं, आणि दोन्ही पक्षांनीं ही गोष्ट वर्षानुवर्षें गुप्त राखली.

६. ‘परत्र’ शब्दाचा एक अर्थ

नुसतें वचन टिकतें कसें? याचें नव्या शास्त्राचें उत्तर असें : कोड्यांतील दोन कैदी एकदांच खेळतात, राज्यें पुन्हा पुन्हा खेळतात. रँड संस्थेंतील पहिल्या प्रयोगांत दोन जाणत्या विद्वानांनीं हा खेळ शंभर वेळां खेळला, आणि त्यांतील साठ डावांत दोघांनींही सहकार्य केलें. पुढें रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनीं निरनिराळ्या विद्वानांकडून चालींचे नियम मागवून गणकयंत्रावर त्यांच्या स्पर्धा लाविल्या. पहिलींत चौदा व दुसरींत बासष्ट नियम आले. दोन्हींत अनातोल रापोपोर्ट यांनीं धाडलेला सर्वांत साधा नियम जिंकला. पहिल्या डावास सहकार्य करावें, आणि नंतर समोरच्यानें मागील डावीं जें केलें तेंच करावें, एवढाच तो नियम. १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत अॅक्सेलरॉड यांनीं याचें कारण सांगितलें, कीं भविष्याची छाया वर्तमानावर पडलेली असते.

पण यांत एक छिद्र आहे. डाव शंभरच आहेत हें दोघांस ठाऊक असेल, तर शेवटच्या डावास पुढची भीति नाहीं. तेथें दोघेही दगा देणार. मग नव्याण्णवाव्या डावास सहकार्य करून मिळावयाचें काय? तेथेंही दगा. असें मागें मागें येत पहिल्या डावापर्यंत सर्व इमारत ढांसळते. शेवटचा डाव माहीत असणें, हाच विश्वासाचा शत्रु आहे.

येथें कौटिल्याच्या ‘परत्र’ या पदाकडे पुन्हा पाहावें. परलोकावर श्रद्धा असणाऱ्या राजास शेवटचा डाव असा नसतोच. मृत्यूनंतरही हिशेब आहे. म्हणून ‘आतां पुढें काम पडणार नाहीं’ असा क्षण त्याच्या आयुष्यांत येत नाहीं. शपथेच्या वेळीं अग्नि, उदक, शस्त्र, सुवर्ण इत्यादि वस्तूंस स्पर्श करावा, आणि शपथ मोडणारास त्यांनींच सोडावें, असा विधि त्या अध्यायांत आहे. आपल्याकडे बेलभंडार उचलण्याची जी चाल होती तिचाही आशय हाच. कौटिल्यानें गणित मांडलें होतें असें येथें म्हणावयाचें नाहीं. एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं परलोकाची कल्पना संधीच्या व्यवहारांत जें कार्य करीत होती, तेंच कार्य नव्या शास्त्रांत अंत न दिसणारा खेळ करतो.

आणि ‘इह’ या पदाचें काय? सर्वच राजे परलोकास भीत नव्हते, हें इतिहास सांगतो. तथापि राजा मर्त्य असला तरी राज्य तसें नसतें. राज्याचें इमान व लौकिक पिढीमागून पिढी चालतात. आपल्या जुन्या पत्रांत हे दोन शब्द कशासाठीं येतात याचा उलगडा येथें होतो. ओलीस बळाबरोबर फिरतो. लौकिक मात्र एकदां गमावला तर बळानेंही परत मिळत नाहीं. या अर्थानें सत्य येथेंही स्थिर आहे.

७. दोन सावधगिरीच्या सूचना

वरील तुलनेचा दुरुपयोग होऊं नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली संस्कृतज्ञांस. अर्थशास्त्राचा काल व कर्तृत्व वादग्रस्त आहेत. कोणी तें मौर्यकालाच्या आरंभीं नेतात, कोणी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास आणतात. त्यांत चार घरांचा तक्ता नाहीं, समतोलाची व्याख्या नाहीं. दोन्ही राजे सज्जन असूनही केवळ एकमेकांच्या धास्तीनें अनर्थास पोंचतात, ही गोष्ट क्रीडासिद्धांतानें जितकी स्वच्छ दाखविली तितकी कौटिल्यानें दाखविली नाहीं. ती नव्यांकडून घेण्यांत कमीपणा नाहीं.

दुसरी विद्यापीठांतील तरुणांस. तक्त्यांत खेळाडू दोन आणि त्यांचे लाभ ठरलेले असतात. इतिहासांत खेळाडू कोण हेंच आधीं शोधावें लागतें. वडगांवीं खेळाडू कोण होता? सही करणारी कमिटी, मुंबईचें कौन्सिल, कीं कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल? करार मोडला तो सही करणारा एक आणि सत्ता चालविणारा दुसरा असल्यामुळें. सालबाईस महादजी पेशव्यांचे मुखत्यार होते, उभयतांचे जामीन होते, आणि स्वतःचा पक्ष असलेले सरदारही होते. तीन नात्यांचा एक मनुष्य तक्त्याच्या एका घरांत बसत नाहीं. तक्ता हा प्रश्न विचारण्याचें साधन आहे. त्याचें उत्तर दप्तरांतूनच काढावें लागतें.

हा वाद केवळ पांडित्याचा नाहीं. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीं १९८७ सालीं झालेला तह, एकमेकांच्या तळांची प्रत्यक्ष तपासणी मान्य करूनही, २०१९ सालीं संपुष्टांत आला. जें शिक्षण तरुणांस एवढेंच शिकवील, कीं वचनास बळाखेरीज किंमत नाहीं, तें पूर्वाचार्यांच्या मतापाशीं थांबलेलें शिक्षण होय. कौटिल्य त्यापुढें एक पाऊल गेला. आणि सालबाईचीं शेवटचीं नऊ वर्षें त्याच्या बाजूनें साक्ष देतात.

शेवटीं एक सूचना. मराठ्यांचे तहनामे, शपथपत्रें व जामीनकतबे निरनिराळ्या ग्रंथांत विखुरलेले आहेत, आणि ते बहुधा कालानुक्रमानें छापलेले आहेत. ते सत्य, शपथ, जामीन व ओलीस या चार सदरांखालीं लावून, प्रत्येक तह किती वर्षें टिकला व कोणत्या प्रसंगीं मोडला याची नोंद बाजूस दिली, तर आचार्य खरे कीं कौटिल्य खरा याचा निर्णय अनुमानावर न ठेवतां पुराव्यावर करतां येईल. संस्कृतज्ञ, दप्तरांचा अभ्यासक व विद्यापीठाचा विद्यार्थी या तिघांनीं मिळून करावें असें हें काम आहे. आणि वडगांव व सालबाई हे दोन तह प्रथम हातीं घेतल्यास आरंभ चांगला होईल.